काचेवरचे पाणी

मागल्या वर्षी नववीच्या वर्गाला इतिहासाच्या तासाला मी एक उद्योग नेमून दिला. ज्यात वाहते पाणी दिसते आहे असा, घरातला सर्वांत जुना फोटो शोधून आणायचा. मग ती नदी असो, ओढा असो की धबधबा. आमची शाळा बोईसरकडची. मुले बहुतेक कारखान्यांत राबणाऱ्यांची. कोणी डहाणूकडचे, कोणी तारापूरचे, कोणी जव्हार-मोखाड्याहून पोटासाठी खाली उतरलेल्यांचे. सूर्या, वैतरणा, पिंजाळ, बाणगंगा यांच्या काठची ही घरे. तेव्हा पेट्या उघडल्या की नद्या बाहेर पडतील, असा माझा समज होता. आठ दिवसांनी टेबलावर जो ढीग पडला त्यात लग्ने होती, जावळे होती, गणपतीची विसर्जने होती, केळव्याच्या किनाऱ्यावर टांग्यात ऐटीत बसलेला कोणाचा तरी मामा होता. नदी असलीच तर नवरदेवाच्या फेट्यामागे बोटभर, आणि तीही धूसर.

एकच फोटो निराळा निघाला. तळहाताएवढा, कृष्णधवल, नागमोडी कातरलेल्या कडांचा. मूळच्या मोखाड्याकडच्या एका मुलीने तो वहीच्या पानांत जपून आणला होता. फोटोत आठनऊ मजूर उभे आहेत. कोणाच्या हातात पहार, कोणाच्या डोक्यावर घमेले. त्यांच्या पाठीमागे धरणाचे अर्धवट बांधकाम. फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत एकच शब्द, ‘वैतरणा’. वरच्या वैतरणेचे धरण १९७३ साली पुरे झाले. त्या कामावर तिचे आजोबा होते. उजवीकडून दुसरे ते आजोबा, असे तिने बोट ठेवून दाखवले.

“पण बाळ, नदी कुठे आहे यात?” मी विचारले.

ती थोडी गोंधळली. मग म्हणाली, “सर, नदी भिंतीच्या मागे आहे.”

त्या दिवसापासून मी नद्यांच्या फोटोंच्या मागे लागलो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराने कशाच्या मागे लागावे याला काही धरबंध नसतो, असे आमच्या घरी मत आहे, आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही.

आपल्या मुंबई इलाख्यात कॅमेरा उशिरा आला असे म्हणता येणार नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास यांच्या सोसायट्या तिच्या मागाहून निघाल्या. भाऊ दाजी लाड या सोसायटीत होते, आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रण शिकवण्याचा वर्गही निघाला. त्यात शिकून तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत स्टुडिओ चालवू लागले. म्हणजे इंग्लंडात ओल्या काचेची कृती १८५१ मध्ये जाहीर झाली, आणि चारपाच वर्षांत ती आपल्या लोकांच्या हातांत खेळू लागली. परंतु या मंडळींनी काढले काय? माणसे, त्यांचे पोशाख, पगड्या, देवळे, इमारती. नदीकडे पाठ फिरवून बसलेली माझ्या विद्यार्थ्यांची घरे त्या परंपरेतलीच म्हणायची!

या पाठ फिरवण्याला रसिकतेच्या अभावापेक्षा मोठे कारण होते. ओल्या काचेची कृती मी मुलांना फळ्यावर चित्रे काढून समजावली, तेव्हा शेवटच्या बाकावरचेही जागे झाले. काचेचा स्वच्छ तुकडा घ्यायचा. ईथर आणि मद्यार्कात विरघळवलेल्या बंदुकीच्या कापसाचा चिकट द्राव, म्हणजे कोलोडियन, तिच्यावर सारखा पसरायचा. मग अंधारात ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच प्रकाश दाखवायचा आणि ओली असतानाच अंधारात परत नेऊन धुवायची. काच वाळली की सगळे संपले. म्हणजे जिथे फोटो काढायचा तिथे अंधारी खोली हवी. ती खोली म्हणजे काळा तंबू. तंबूत बाटल्या, तबके, काचा, आणि शुद्ध पाणी. डोंगरातल्या घळीपाशी हे सारे न्यायचे तर माणसांची रांगच्या रांग हवी. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ पासून हिमालयात हिंडला आणि १८६६ मध्ये गंगोत्रीच्या हिमनदीपाशी, जिथे भागीरथी बर्फाच्या गुहेतून बाहेर पडते तिथवर पोचला. त्याच्या काश्मीरच्या प्रवासात चाळीसेक हमाल होते. गंगेच्या उगमाच्या त्या फोटोंत काचा वाहणारे खांदे कोठेही दिसत नाहीत.

आणि एवढे करून काचेवर उतरे ते काय? काच मंद होती. तिला कित्येक सेकंद उजेड पाजावा लागे. दगड तेवढा वेळ निमूट उभा राहतो, पाणी राहत नाही. त्या काही सेकंदांत जे हजारो थेंब एका जागेवरून गेले, ते सगळे एकमेकांवर उमटून धबधब्याचे दूध होऊन जाई. कोलोडियनला निळा रंग आणि पांढरा रंग यांतला भेद कळत नसे, म्हणून आकाश कोरे येई. हिरवा रंग तर जवळजवळ दिसतच नसे, म्हणून झाडी काळीठिक्कर. त्या काळच्या कोणत्याही धबधब्याच्या फोटोत पाहा: वर आभाळ कोरे, दोन्ही बाजूंना काळोखी रान, आणि मधून गंजीफ्रॉकच्या कापडासारखी एक पांढरी पट्टी. उपमा ओबडधोबड आहे खरी, पण मुलांना तीच पटली.

आता यात आपल्या कोकणपट्टीची अडचण मिसळा. हिमालयातल्या नदीला उन्हाळ्यात बर्फाचे पाणी असते. ऊन आणि पाणी तिथे एका वेळी नांदतात. आमच्याकडे ज्या दिवसांत पाणी असते त्या दिवसांत उजेड नसतो. जव्हारजवळची दाभोशाची घळ जुलैत पाहावी. लेंडी नदी तीनशे फुटांच्या आसपास उंचीवरून खाली कोसळते, तुषारांनी समोरचा कडा दिसेनासा होतो, आणि आभाळ छातीवर बसलेले असते. अशा उजेडात ओल्या काचेवर काय उमटणार? आणि दिवाळीनंतर, ऊन स्वच्छ होते तेव्हा, त्याच कड्यावरून पाण्याची एक दोरी लोंबत असते. मार्चमध्ये तीही नाही. अडीच महिने वाहणाऱ्या आणि अडीच महिने न दिसणाऱ्या पाण्याचा फोटो काढणे, हा सह्याद्रीच्या पश्चिमेकडचा खास पेच आहे.

मी स्वतः त्या पेचात सापडलेला आहे. पंधरासोळा वर्षांचा असताना मामाचा कॅमेरा घेऊन मी दाभोशाला गेलो होतो. छत्तीस फोटोंचा रोळ. त्यातले एकोणीस फोटो मी धबधब्यावर उधळले. स्टेशनजवळच्या स्टुडिओतल्या गृहस्थांनी रोळ धुऊन माझ्या हातात ठेवला आणि विचारले, “हे एकोणीस वेळा काय काढलंयस? धुकं?” मला तो धबधबाच आहे असे छातीठोकपणे सांगता आले नाही.

तरीसुद्धा, ज्यांना गरज होती त्यांनी घळी आणि दऱ्या काचेवर उतरवल्याच. प्रश्न गरजेचा होता. बोरघाटातील रेल्वेचे काम सुरू असताना ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते काम हाती घेतले आणि अभियंते नेमून १८६३ मध्ये तडीस नेले. ही बाई छायाचित्रे काढीत असे. घाटाच्या बांधकामाची छायाचित्रे तिने काढली. १८६१ च्या आरंभी बेचाळीस हजारांवर माणसे त्या घाटात खपत होती. तिच्या चित्रांत खंडाळ्याच्या दऱ्या आहेत, कडे आहेत. पण दरी तिथे आली ती पुलाच्या निमित्ताने. पावसाळ्यात त्याच कड्यांवरून पाण्याच्या शेकडो माळा सुटतात. पण त्या दिवसांत काम बंद, आणि काम बंद म्हणजे कॅमेराही बंद.

अजिंठ्याला मेजर रॉबर्ट गिल होता. लेण्यांतली भित्तिचित्रे उतरवून घेण्यासाठी कंपनी सरकारने १८४४ साली त्याची नेमणूक केली. पारोची आणि त्याची कथा मराठी वाचकाला ना. धों. महानोरांच्या कवितेमुळे ठाऊक आहे. तिच्यात मी शिरत नाही. त्याने वर्षानुवर्षे खपून रंगवलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. राहिले ते त्याचे फोटो. १८६४ मध्ये त्याच्या जोडचित्रांची, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की खोली दिसते अशा फोटोंची, पुस्तके लंडनला निघाली. वाघूर नदीने नालेच्या आकारात कापलेली घळ आणि तिच्या भिंतीत कोरलेली लेणी, ही जागा जोडचित्रासाठीच घडली असावी असे वाटते. कारण नुसत्या सपाट फोटोत दरी कधीच दरी वाटत नाही. खोली हा तिचा प्राण, आणि नेमकी तीच कागदावर मरते. गिलला ते कळले होते.

आमच्या उत्तर कोकणात मात्र घाटही नव्हता आणि अजिंठाही. होता तो सपाट किनाऱ्याने जाणारा रेल्वेचा मार्ग. १८६४ च्या अखेरीस मुंबई ते सुरत गाडी सुरू झाली आणि वैतरणेच्या खाडीवर लोखंडी पूल आले. आजही विरार सोडल्यावर गाडी त्या पुलांवर आली की आवाज बदलतो, आणि डब्यातली पत्ते खेळणारी मंडळीदेखील क्षणभर मान वर करतात. पण ते वैतरणेचे तोंड झाले. तिचे खरे रूप वर, त्र्यंबकच्या डोंगरांतून निघून मोखाड्याच्या खडकांतून वाट कापीत येताना होते. तिथे कॅमेरा नेण्याचे कोणालाच काही कारण नव्हते.

कारण नसले तर काय होते आणि असले तर काय होते, हे पाहण्यासाठी थोडा वेळ अमेरिकेत जाऊ. सान फ्रान्सिस्कोचा छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स १८६१ मध्ये योसेमितीच्या दरीत गेला. त्याचा कॅमेरा एवढा अवाढव्य होता की त्यात अठरा इंच बाय बावीस इंचांची काच बसे. खेचरांवर लादून त्याने ते धूड दरीत उतरवले आणि कड्यांची, नदीची, धबधब्यांची चित्रे घेतली. पाणी त्याच्याही काचेवर दूधच झाले. पण शांत नदीत उलटा उतरलेला कडा त्याने असा टिपला की पाणी कोणते आणि आभाळ कोणते याची भूल पडावी. पुढल्या वर्षी ती चित्रे न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली. ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी योसेमितीची दरी सार्वजनिक उपभोगासाठी कायमची राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. देशात यादवी युद्ध पेटलेले, आणि लिंकन स्वतः त्या दरीत कधी गेलेला नाही. ज्या लोकांनी तो कायदा घडवला त्यांच्या मनात त्या चित्रांनी दरी उभी केली होती, असे जाणकार मानतात.

इथे थांबले तर ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात शोभेल. पण तिचा उत्तरार्ध आहे. एप्रिल १९०६ मध्ये सान फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि मागोमाग आग लागली. त्या आगीत वॉटकिन्सचा स्टुडिओ आणि जन्मभराच्या काचा गेल्या. त्या दिवसांतला त्याचा एक फोटो आहे: हातात काठी, दृष्टी जवळजवळ गेलेली, माणसे त्याला धरून रस्त्यातून नेत आहेत. पुढे वेड्यांच्या इस्पितळात १९१६ मध्ये तो वारला. आणि त्याच आगीने शहराला आपल्या पाणीटंचाईची धास्ती घातली. आग विझवायला पाणी पुरले नाही. शहराला मोठे धरण हवे. धरणासाठी जी दरी निवडली ती हेच हेची, योसेमितीच्याच राष्ट्रीय उद्यानातली, तिच्याच सख्ख्या बहिणीसारखी. जॉन म्यूर या म्हाताऱ्या निसर्गवेड्याने आणि त्याच्या मित्रांनी लेख लिहिले, त्या दरीचे फोटो छापून लोकांत वाटले. १९१३ च्या डिसेंबरात धरणाचा कायदा झालाच. म्यूर वर्षभराने गेला; धरण १९२३ मध्ये उभे राहिले. एका दरीचे छायाचित्र तिला वाचवून गेले, दुसरीचे नाही. पण दुसरी कशी होती हे आज कोणीही पाहू शकतो. बुडालेल्या दरीचा तळ, त्यातले गवत, नदीचे वळण, समोरचे दोन धबधबे, सगळे कागदावर शिल्लक आहे.

आता परत वैतरणेवर या. मुंबईची गोष्ट सान फ्रान्सिस्कोहून फारशी वेगळी नाही. शहर वाढले आणि पाण्याच्या शोधात उत्तरेकडे सरकत गेले. १८६० मध्ये विहार, मग तुळशी, १८९२ मध्ये तानसा. पावणेदोन मैल लांबीची ती तानशाची भिंत. १९५७ मध्ये वैतरणेवरचे पहिले धरण, ज्याला महापालिकेचे अभियंते मोडक यांच्यावरून मोडकसागर म्हणतात. १९७३ मध्ये वरची वैतरणा. आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा, शंभर मीटरहून उंच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी चार वैतरणेच्या आणि तिला मिळणाऱ्या तानशाच्या खोऱ्यात आहेत. मुंबईचे पाणी तोडा असे मी म्हणत नाही. माझी सख्खी बहीण दादरला राहते आणि तिच्या नळाचे पाणी मी पितो. पण एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्याच्या बाया हंडे घेऊन झऱ्याच्या कपारीत वाटी-वाटीने पाणी भरत बसतात, तेही मी पाहिले आहे.

या खोऱ्याचे धरणापूर्वीचे रूप कागदावर आले ते नकाशांत: उंचीच्या रेषा, पाणलोटाचे क्षेत्र, बुडिताची हद्द. अभियंत्याने ते आपले काम म्हणून केले, आणि चोख केले. पण या नदीला कोणी वॉटकिन्स भेटला नाही. आणि यातली मौज, किंवा दुःख म्हणा, अशी की वैतरणा ज्या त्र्यंबकच्या परिसरात उगम पावते, त्याच त्र्यंबकला १८७० मध्ये एक असा माणूस जन्मला की ज्याने चित्राला चालायला लावले. धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला. कोल्हापुरात १९३७ मध्ये त्यांनी जो शेवटचा आणि एकमेव बोलपट केला तो ‘गंगावतरण’. म्हातारपणी आकाशातून पडणारे पाणी पडद्यावर आणण्याचा ध्यास या गृहस्थाने घेतला. आपल्या गावाकडून निघणारी नदी मात्र राहून गेली. पुराणात वैतरणी ही यमलोकीची नदी, गाईचे शेपूट धरल्यावाचून ती ओलांडता येत नाही. आमची वैतरणा ओलांडायला पास पुरतो.

धरणानंतर मात्र फोटोंना तोटा नाही. दर पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास येतो: तानसा किंवा मोडकसागर ‘ओसंडून वाहू लागला’. दरवाज्यांतून फेसाळणारे पाणी, खाली मथळा, आणि किती टक्के साठा झाला त्याचे आकडे. आमच्या मुलुखातल्या पाण्याचा सर्वांत अधिक छापला जाणारा फोटो तो हाच. तो पाहून लाखो माणसांच्या जिवात जीव येतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण त्यातली नदी ही नदी नसते; ती वर्षभराच्या पाण्याची पावती असते.

दुसरी तऱ्हा धबधब्यांची. कसाऱ्याहून जव्हारकडे येणाऱ्या रस्त्यावर विहीगावचा धबधबा आहे. २००१ साली आलेल्या ‘अशोका’ या हिंदी चित्रपटात तो दिसला, आणि तेव्हापासून त्याचे नावच अशोका धबधबा पडले. पिढ्यानुपिढ्या ज्या पाण्याला गावाचे नाव होते त्याचे बारसे कॅमेऱ्याने नव्याने केले. आता पावसाळी शनिवार-रविवारी तिथे पाण्यापेक्षा माणसे जास्त. काच गेली, रोळ गेला. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि तो इतका चपळ की थेंबन्‌थेंब हवेत मण्यासारखा थांबवतो. तर हौशी मंडळी महागडे काळे भिंग कॅमेऱ्यावर चढवून उजेड अडवतात, कशासाठी? पाण्याचे दूध व्हावे म्हणून! बोर्न आणि वॉटकिन्स ज्या दोषापुढे हतबल होते तो आता दाम मोजून विकत घेतला जातो.

पण कॅमेऱ्याचे तोंडही फिरले. आता पाणी पाठीमागे आणि आपला चेहरा पुढे. जव्हारजवळच्या काळमांडवीला जुलै २०२० मध्ये जव्हारचे पाच तरुण बुडाले. स्वतःचे फोटो काढताना दोघे पाण्यात पडले आणि त्यांना वाचवायला इतर उतरले, असे वर्तमानपत्रांत आले होते. त्यानंतर पावसाळ्यात धबधब्यांवर जायला बंदी घालणारे हुकूम निघाल्याचे मी अनेकदा वाचतो. माझ्या वर्गातल्या मुलांचे भाऊ त्या वयाचे आहेत. त्यामुळे ‘पाण्याचा फोटो आणा’ म्हणताना ‘जुना आणा, नवा काढायला जाऊ नका’ हे मी त्यांना तीनदा बजावले होते.

मे महिन्यात त्या मुलीने मला घरी बोलावले. आजोबा नाहीत, आजी आहे. वय सत्तरीच्या पुढे, नजर चांगली. बोईसरच्या दीड खोलीच्या घरात पंख्याखाली बसून तिने तो फोटो हातात घेतला, नवऱ्याच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. मी विचारले, “आजी, धरणाच्या आधी तिथं नदी कशी होती?” ती काही बोलली नाही. मग फोटो तिने जमिनीवर ठेवला आणि त्याच्या डाव्या कडेपासून दीड वीत लांब, फरशीवर बोट टेकले.

“इथं डोह होता,” ती म्हणाली. “मासं मोठं. खाली दगडात पानी घुमायचं, त्याचा आवाज रातच्याला घरापर्यंत यायचा.” बोट आणखी थोडे वर सरकले. “इथनं पडायचं. लई उंच नाय, पर दोन धारा. लेकीला नाव ठेवताना ते पानी आनलं होतं.”

नातीने पाटी-पेन्सिल आणावी तशी माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि आजी दाखवील तसतशा फरशीवर रेघा ओढू लागली. डोह, दोन धारा, औदुंबराचे झाड, पलीकडे जायची दगडांची वाट. फोटो मध्ये तसाच होता, आठनऊ माणसे आणि मागे भिंत; नदी त्याच्या चारी बाजूंनी फरशीवर पसरत गेली. मी मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. खिडकीतून ऊन येत होते, त्यामुळे पेन्सिलीच्या रेघा त्यात नीट उठल्या नाहीत. तेव्हा मुलीनेच नंतर सगळे वहीच्या दोन पानांवर उतरवून काढले, आणि आजीकडून तपासून घेतले. दोन धारांपैकी डावी धार मोठी होती, एवढी एक दुरुस्ती तिने सांगितली.